काळूचे कान

आशालता सामंत पहिल्यांदा दिपिकाच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या हातातल्या वायरच्या पिशवीतून चार पिवळे पाय वर आले होते. दिपिकाला क्षणभर वाटलं, बाईंनी बाजारातून कोंबड्या आणल्या आणि चुकून आपल्या दाराची बेल दाबली.

"तूच ना मिक्सर दुरुस्त करणारी?" बाई म्हणाल्या. "वॉचमन म्हणाला, बी विंगमधल्या ताईकडे जा. हा आमचा काळू. तीन दिवस झाले, उठतच नाही."

पिशवीतून निघाला तो यंत्राचा कुत्रा. मांजराच्या पिल्लाएवढा, पिवळ्या प्लास्टिकचा. पायांच्या प्रत्येक सांध्यात अंगठ्याएवढी मोटार, पोटात बॅटरी, पाठीवर काड्यापेटीएवढी सर्किटची पट्टी. आशालताकाकूंचा मुलगा संकेत जर्मनीत असतो. त्याने तिथे सुटे भाग मागवून हा हौसेने जोडला होता आणि गणपतीला आला तेव्हा आईला सोबत म्हणून ठेवून गेला होता. रंग पिवळा असून नाव काळू का, तर कुडाळकडे त्यांच्या माहेरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काळू नावाचा कुत्रा होता, आणि काकूंच्या मते कुत्र्याचं नाव काळूच असतं.

दिपिकाने काळूला टेबलावर उताणा केला आणि तिचं भान हरपलं. असं यंत्र तिने फक्त मोबाइलवर बघितलं होतं.

दिपिका केनी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. माहेर उमेळ्याचं. वडील काशीराम केळीची वाडी आणि थोडी भातशेती करायचे. त्यांच्या आळीतून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणारी ती पहिली मुलगी. पण डिप्लोमा झाला आणि नशिबी आली ती वालीवच्या एका कारखान्यातली स्टॅबिलायझर जोडायची लाइन. सोळा वर्षं तिने एकाच जागी बसून त्याच चार तारा सोल्डरने डाखल्या. सुपरवायझर तिला कधी नावाने हाक मारत नसे, "ए तीन नंबर" म्हणत असे. मग कारखाना गुजरातला गेला आणि दिपिका घरी बसली. नवरा अल्पेश अंधेरीला औषधांचं गोदाम सांभाळायचा. नायगाव पूर्वेच्या या चौदा मजली सोसायटीत दोन खोल्यांचं घर घेतलं, बाल्कनीला काच बसवली आणि तिथे तिने टेबल मांडलं. मिक्सर, इस्त्री, वायफायचे डबे, कुणाच्या पोराची रिमोटची गाडी. हातात गुण होता. काम सुरू केलं की ती जेवायचंसुद्धा विसरायची.

काळूच्या मागच्या उजव्या पायातल्या मोटारीचे प्लास्टिकचे दाते झिजून सपाट झाले होते. दिपिकाने धातूच्या दात्यांच्या मोटारी मागवल्या, आणि बसवायच्याच तर सगळ्याच बसवू म्हणून बाराच्या बारा बदलल्या. मग प्रत्येक पाय सरळ बसवणं आलं. लॅपटॉपवर एकेक अंश पुढेमागे करायचं, कुत्र्याला उभं करायचं, तो कुठे कलतो ते बघायचं. पहिल्या दिवशी तो मागे मागेच चालत गेला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या सिलिंडरला टेकला. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार गोल कापून तळव्यांना चिकटवले. मग काळू ऐटीत चालू लागला.

एक अडचण राहिली. काळूला इंग्रजीतलेच हुकूम कळायचे, आणि काकूंचं "सिट" काही केल्या त्याच्या डोक्यात शिरायचं नाही. दिपिका म्हणाली, "काकू, तुमच्याच शब्दांत शिकवू या त्याला." तिने छोटा माईक बसवला आणि काकूंना एकेक शब्द चाळीस-चाळीस वेळा बोलायला लावला. बस. ऊठ. फिर. शेवटचा शब्द बोलताना काकू अडखळल्या, जरा लाजल्या, आणि म्हणाल्या, "हयसर ये."

"काय?"

"अगं, 'इकडे ये'. आमच्याकडचं बोलणं."

चाळीस वेळा झालं. मग काळूला दाराजवळ ठेवलं आणि काकूंनी सोफ्यावरून हाक मारली, "काळू, हयसर ये." काळू वळला आणि टकटक करत त्यांच्या पायाशी येऊन थांबला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. दिपिकाला वाटलं, सोळा वर्षांत हजारो स्टॅबिलायझर जोडले, पण एवढं काम आजच केलं.

त्यानंतर येणंजाणं वाढलं. काकूंची ए विंग, हिची बी, मध्ये चाळीस पावलं. काकू घावणे करून पाठवायच्या, ही वालाचं बिरडं न्यायची.

दिवाळीनंतर एका दुपारी संकेतचा फोन आला.

"दिपिकामॅडम बोलताय ना? तुम्ही काळूत जे केलंत ना, मी थक्क झालो. इथले माझे मित्र विचारतायत, हे कुठल्या इंजिनियरने केलं म्हणून."

मॅडम आणि इंजिनियर, दोन्ही शब्द एका दमात. दिपिका उभीच राहिली फोन धरून.

मग संकेतने मनातलं सांगितलं. बाबा गेले तेव्हा आई गावाला गेली होती. बाबा घरात पडले आणि कुणाला कळायला अख्खा दिवस गेला. आता आई एकटी. घरात कॅमेरा लावू देत नाही, म्हणते मी काय चोर आहे का. "काळूत एखादा बसवता येईल का हो? तिला न सांगता?"

"कॅमेरा नको," दिपिका पटकन म्हणाली. "बाईमाणूस एकटं असतं घरात. कपडे बदलतं. बरं दिसत नाही ते."

"बरोबर आहे. मग नुसता आवाज? ती ठीक आहे, एवढं कळलं तरी मला पुरे."

तिने "बघते" म्हटलं. काळूतला माईक फक्त चार हुकूम ओळखायचा, बाकी काही साठवायचा नाही. नवी पट्टी लागणार होती, आवाज वायफायवरून पाठवणारी. ते काम अवघड होतं, आणि तीच तर खरी ओढ होती. संकेत पैसे विचारत होता, तिने ठाम नाही म्हटलं. पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण काही वाईट करत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

"काकू, बॅटरी तपासायला नेते हं," असं सांगून तिने काळूला घरी आणलं आणि एका दुपारात ती पट्टी बॅटरीच्या खाली, काळ्या टेपमध्ये गुंडाळून बसवली. वजन वाढून चाल बिघडू नये म्हणून पुढचे पाय पुन्हा नेमके केले. काम इतकं सफाईदार झालं की उघडून बघणाऱ्यालाही ती पट्टी दिसली नसती.

चाचणी म्हणून तिने तो आवाज आपल्या मोबाइलवर घेतला. संध्याकाळी काळू परत गेला आणि तिच्या कानात काकूंच्या कुकरची शिट्टी वाजली. तीन शिट्ट्या, मग काकूंचं खाकरणं, देवापुढची घंटा. चाचणी झाली. संकेतचं सुरू झालं. आपल्या मोबाइलवरचं ते आता काढून टाकायचं होतं.

ते काही तिने काढलं नाही.

उद्या काढू, म्हणता म्हणता सवय लागली. सकाळी अल्पेश गेला की अकराच्या सुमारास भाजी निवडायला बसायची आणि इयरफोन कानात घालायची. काकू ठीक आहेत ना, एवढंच बघायचं, असं स्वतःला सांगायची. पण काकू काळूशी मोकळ्या बोलायच्या, मालवणीत, आणि त्या बोलण्याची गोडी काही निराळीच होती. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोशीही बोलायच्या. एकदा तिच्याबद्दल बोलल्या. "दिपिका घराकडे 'पानी' म्हणता आसतली रे काळू. माझ्यासमोर आठवणीन 'पाणी' म्हणता. मी पण तिच्यासमोर कशी पुस्तकातला बोलतंय! दोगांचीय सोंगां." आणि हसल्या. दिपिकाच्या हातातली गवार तशीच राहिली. तिला गोड वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी कुणीतरी आपल्याला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. तिने इयरफोन काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी काकू न्हाणीघराच्या दाराशी पडल्या. दिपिकाला ते दुपारी कळलं, कानातून. "काळू, हात सुजलो हा रे. यमुना इली म्हणान बरां, तिणाच उठवल्यान. तिका शपथ घातलंय, संकेताक सांगूचा नाय म्हणान. दिपिकाक पण नको. ती हातातली कामां टाकून धावत येतली."

यमुना म्हणजे काकूंची कामवाली. जूचंद्रची, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी. या सोसायटीत ती दोन घरं करायची, एक काकूंचं आणि एक बाराव्या मजल्यावरच्या सुरुचीचं.

दिपिका खरोखरच कामं टाकून धावली. वाटीत बिरडं घेतलं, निमित्त म्हणून. काकूंनी दार उघडलं, उजवं मनगट पदरात झाकलेलं.

"अगंबाई, काय झालं हाताला?" दिपिकाने विचारलं.

"काही नाही गं, दारात चेपलं."

"जपायचं ना काकू!"

आपण इतकं सराईत नाटक करू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. निघाली तेव्हा बिरड्याची वाटी तिथेच विसरली आणि लिफ्टमधल्या आरशाकडे तिने पाठ केली.

संकेतनेही ऐकलं होतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आईला फोन केला. तू पडलीस आणि मला सांगितलं नाहीस. आता पुरे. पुण्याला ज्येष्ठांसाठी चांगली जागा आहे, फ्लॅट विकून टाकू. काकूंनी एकच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "कळलं मला."

कळणार कुणाकडून? काकूंच्या हिशेबाने जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि अडीअडचणीला असावा म्हणून संकेतचा नंबर यमुनाच्या मोबाइलमध्ये काकूंनीच घालून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना कामाला आली तेव्हा दिपिका दुधी चिरत होती. कानात इयरफोन.

"माझी शपथ घेतलीस आणि मोडलीस," काकूंचा आवाज आला.

"आजी, देवाशप्पथ, मी नाय सांगितला."

"मग कुणी? भिंतीने? मला घरातून उठवायला निघालेत, तुझ्यामुळे. मी तुला घरची समजले होते."

"आजी, मी तेंना कवाच फोन नाय केला. बघा, मोबाइल बघा माझा."

"मला नाही बघायचा. किल्ली ठेव इथे आणि जा."

 मग किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज, चपला, आणि दार. चाळीस पावलांवर हे चाललं होतं. सुरी खाली ठेवून दिपिका दोन मिनिटांत तिथे पोचली असती. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. आणि परत येऊन तिने उरलेला दुधी चिरला.

त्याच दिवशी तिने मोबाइलवरून ते काढून टाकलं. पण आता काढून काय उपयोग होता!

बातमी वॉचमनकडून बाराव्या मजल्यावर गेली. सुरुची म्हणाली, घरातलं बाहेर नेणारी बाई मला नको. यमुनाचं तेही घर सुटलं.

दिपिकाने संकेतला फोन केला. "तुम्ही काकूंना खरं सांगा. त्या गरीब बाईचं काम गेलं."

"मॅडम, आत्ता नको. आई बिथरेल. दुसरी बाई मिळेल तिला, आणि त्या बाईलाही दुसरं घर मिळेल. तुम्ही फार मनाला लावून घेताय."

तोच 'मॅडम' शब्द. आता तो कानात रुतला.

अकरा दिवस ती गप्प राहिली. रोज सकाळी उठून ठरवायची की आज सांगायचं. दुपारी म्हणायची, काकूंना रक्तदाबाचा त्रास आहे, धक्का बसेल. संध्याकाळी म्हणायची, मूळ कल्पना माझी नव्हतीच, मुलाची होती. अल्पेशने विचारलं, जेवत का नाहीस? तर त्याच्यावरच खेकसली. मध्ये एकदा काकूंकडे गेली तर काकू म्हणाल्या, "माणसांवर विश्वास टाकू नये बाई. त्यापेक्षा माझा काळू बरा." आणि दिपिका तिथे बसून, मान हलवून, त्यांनी दुखऱ्या हाताने केलेला चहा प्यायली.

बाराव्या दिवशी काकूंनी तिला मुद्दाम बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि पेन.

"सोसायटीला अर्ज द्यायचाय. यमुनाचा गेट पास रद्द करा म्हणून. परवा खाली वॉचमनपाशी उभी होती, माझ्याशी बोलायला म्हणून. मला नको तिचं तोंड. माझा हात चालत नाही, तू लिही. तुझं अक्षर छान आहे."

दिपिकाने तारीख लिहिली. माननीय सचिव महोदय, लिहिलं. "आमच्याकडे काम करणारी यमुना" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढचा शब्द काकूंनी दोनदा सांगितला. तिच्या कानापर्यंत तो पोचलाच नाही.  पेन ठेवून तिने पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, जमिनीवर फिरणाऱ्या काळूला उचललं आणि अर्जाच्या कागदावर उताणा केला.

"काय करतेस?"

"काकू, यमुनाने नाही सांगितलं." तिने पोटाचे चार स्क्रू काढले, बॅटरी बाजूला केली आणि काळ्या टेपची ती पुडी बोटाने वर ओढली. "ह्याने सांगितलं. मी बसवलंय हे. घरात बोललेलं सगळं ह्यातून संकेतला ऐकू जातं."

काकूंनी चष्मा लावला आणि ती पुडी बघितली. बराच वेळ बघितली.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. बॅटरी तपासायला म्हणून नेलं होतं ना, तेव्हापासून."

"संकेतने सांगितलं करायला?"

"हो. पण केलं मी."

"म्हणजे मी ह्याच्याशी बोलायचे ते... ह्यांच्या फोटोशी बोलायचे ते पण?"

"हो."

काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे नजरही टाकली नाही. जणू त्यांना त्याचीही लाज वाटली. मग अगदी हळू विचारलं, "तू ऐकलंस?"

इथे खोटं बोलता आलं असतं. संकेतलासुद्धा हे ठाऊक नव्हतं.

"ऐकलं काकू. रोज ऐकायचे. यमुनाला तुम्ही काढलंत तेव्हापण मी ऐकत होते."

"आणि आली नाहीस."

"नाही."

आशालताकाकू उठल्या. त्यांचा तोल गेला, दिपिका हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी तो हात झटकला आणि खुर्चीची पाठ धरली. "जा इथून," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाही, थांब. आधी ते काढ. माझ्यासमोर."

दिपिकाने नखाने टेप सोलली. तार निघेना. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणून तिच्यापुढे टाकली आणि तिने त्या कात्रीने तारा कापल्या. एक स्क्रू सोफ्याखाली गेला, तो शोधायला ती गुडघ्यांवर बसली. काकू वरून बघत होत्या. सापडला नाही. तीन स्क्रूंवरच काळूचं पोट बंद करून ती बाहेर पडली. अर्ज टेबलावरच होता.

काकूंनी त्याच दुपारी यमुनाला फोन लावला. तिने उचलला नाही.

दिपिकाला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. यमुनाचं नाव ज्या ज्या तोंडात गेलं होतं, तिथून ते सोडवायला हवं होतं. म्हणून ती बाराव्या मजल्यावर गेली. सुरुचीने सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचा वायफायचा डबा पण तुम्हीच उघडला होतात ना? त्यात काय घातलंत?"

"काही नाही. खरंच."

"आता कसं मानायचं?"

 दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता लिहिलं, घरातल्या वस्तू दुरुस्तीला देताना काळजी घ्या. आलेल्या तीन इस्त्र्या लोक तशाच, न दुरुस्त करता, परत घेऊन गेले. दिपिकाने कुणाला काही म्हटलं नाही.

यमुनाकडे ती रविवारी गेली. जूचंद्रला आत आत चालत गेल्यावर पत्र्याची चार घरं, त्यातलं कोपऱ्यातलं. यमुना दारात बसून वाल सोलत होती. तिने दिपिकाला बघितलं, पाट पुढे सरकवला आणि सोलत राहिली. दिपिका घरच्या बोलीवर आली. तिने सगळं सांगितलं, कुठेही न थांबता. म्हणाली, "सुरुचीकडे पन जाऊन आले. तुझी काय चूक नाय, ते सगल्यांना सांगितलंय. काकू तुला परत बोलावतील. मला माफ कर."

यमुनाने सगळं ऐकलं. मग तिची बोटं थांबली.

"म्हणजे आजी आंघोलीला गेल्यावर घरात मी असायची, ते पन ऐकलंस?"

 काकूंचं बोलणं चोरलं, हे तिने अकरा दिवस मनात घोळवलं होतं. यमुनाचं काम आपल्यामुळे गेलं, हेही घोळवलं होतं. पण त्या घरात यमुनालाही आवाज होता, आणि तोही आपण ऐकला, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"ऐकलं," ती म्हणाली.

"काय ऐकलंस?"

यमुना वाचायला शिकत होती. काकूंच्या घरची जुनी वर्तमानपत्रं घेऊन, फरशी पुसून झाल्यावर, काळूसमोर बसून अक्षरं लावायची. न, वी, न. नवीन. पू, ल. पूल. एखादा जोडाक्षराचा शब्द अडला की कुत्र्यालाच विचारायची, काय रं हे? घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही.

"वाचायचीस ते," दिपिका म्हणाली.

यमुनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने मान खाली घातली. "हसलीस?"

एकदा दिपिका हसली होती. संध्याकाळी अल्पेशला नक्कल करूनही दाखवली होती, आणि तोही हसला होता.

"हो," ती म्हणाली. "हसले."

यमुनाने वालाची परात उचलली आणि मांडीवर घेतली. मग म्हणाली, "जा आता. अंधार पडायच्या आत रिक्षा मिलेल." आवाजात राग नव्हता. दिपिकाला तो राग हवा होता. परतीच्या रिक्षात तिने तोंडावर ओढणी घेतली होती, धुळीचं निमित्त करून.

यमुना काकूंकडे परत गेली नाही. काकूंनी तीनदा फोन केला, चौथ्यांदा तिने उचलला, "आजी, हात बरा हाय का?" एवढं विचारलं आणि आपण आता नायगाव पश्चिमेला एका डबेवालीच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटतो, असं सांगितलं. काकूंनी मुलालाही फोन केला. फ्लॅट माझ्या नावावर आहे, मी मरेपर्यंत इथेच राहणार, आणि तुला माझी खुशाली हवी असेल तर फोन करून मलाच विचार, असं म्हणून ठेवून दिला. महिनाभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. आता तो रोज एक फोन करतो. दिपिकाला त्याने पुन्हा कधी केला नाही.

दिपिका गोखिवऱ्याला एका वर्कशॉपमध्ये रिक्षांचे चार्जर दुरुस्त करायला जाते. बाल्कनीतल्या टेबलावर आता कपड्यांच्या घड्या असतात.

पावसाळा संपता संपता काकूंचा फोन आला. नुसतं म्हणाल्या, "काळूचा पाय वाकडा पडतोय. हत्यारं घेऊन इकडेच ये. घरी न्यायचा नाही."

ती गेली. काकूंनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. समोरच्या खुर्चीत चष्मा लावून बसल्या. दिपिकाने पोट उघडलं, तर म्हणाल्या, "हे काय?" ती म्हणाली, बॅटरी. "आणि हे?" चार हुकूम ओळखणारा माईक. "हा काही कुणाला पाठवत नाही?" नाही, काकू. "ही तार कुठे जाते?" प्रत्येक तारेवर त्यांनी बोट ठेवलं, आणि प्रत्येक वेळी दिपिकाने खाली मान घालून सांगितलं, शाळेत उत्तर द्यावं तसं. चहाचं त्यांनी विचारलं नाही. दीड तास लागला. पायातला एक स्क्रू ढिला झाला होता, एवढंच.

काळू उभा राहिला, दोन पावलं चालला. काकूंनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, पोटाची झाकणी दाबून बघितली.

"आता ह्याच्याशी बोलायला हरकत नाही ना?"

"नाही काकू. बोला."

"तू गेल्यावर बोलेन," आशालताकाकू म्हणाल्या.

दिपिकाने हत्यारं गोळा केली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि दार हळूच ओढून घेतलं. बाहेर लिफ्ट त्याच मजल्यावर उभी होती. तरी ती जिन्याने उतरली, भरभर, आतून आवाज यायच्या आत.